पांढरीखालची माणसं

मलकापूरकडून नांदुऱ्याला जाताना महामार्गावर वडनेर भोलजी लागतं. उत्तरेला पूर्णा, तिच्यापलीकडे सातपुडा, आणि मधे सगळी काळी जमीन. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या मातीनं कमावली, ती हीच. या मातीखालच्या पाण्याची ख्याती मात्र वेगळी आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते ना पिकाच्या कामाचं ना घशाच्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या दुखण्याचा विषय निघाला की बोलणं पाण्यावरच येऊन थांबतं.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेजारच्या शेगाव तालुक्यातून एक चमत्कारिक बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. हात लावला तरी पुंजके हातात यायचे आणि काही दिवसांत डोकं साफ व्हायचं. आधी संशय पाण्यावर गेला. पाण्यात नायट्रेट जास्त आढळलं. दिल्लीहून आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले आणि बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. वाद पुढे चालू राहिला. त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. काय खाल्लं हे लोकांना विचारून कळलं नाही, ते शरीरानं सांगितलं.

शरीर अशी नोंद सतत करत असतं, फक्त प्रत्येक अवयवाची मुदत निराळी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून वीतभर केसात दीडेक वर्षाचं खाणंपिणं असतं. हाड झिजत-भरत राहतं, त्यामुळे मोठ्या माणसाच्या हाडात मागच्या दहा-वीस वर्षांची सरासरी मिळते. दाताचं वरचं कवच मात्र लहानपणी एकदाच तयार होतं आणि पुढे बदलत नाही. साठीच्या म्हाताऱ्याच्या दाढेत तो तीन वर्षांचा असतानाचा दुष्काळ जसाच्या तसा असतो. केस मातीत जातात. दात आणि हाडं नशीब असेल तर उरतात, आणि मग तीन हजार वर्षांनीही पंचनामा करता येतो.

महाराष्ट्रात असा सर्वांत मोठा पंचनामा झाला तो इनामगावला.

पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. गावाजवळची टेकाडं म्हणजे पांढरी. उठलेल्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंती यांचा शेकडो वर्षांचा थर बसून झालेली ही फिकट माती शेतकरी खत म्हणून गाड्या भरभरून नेतात, आणि महाराष्ट्रातल्या किती प्राचीन वस्त्या अशा बैलगाडीतून शेतात गेल्या याचा हिशेब कुणाकडे नाही. इनामगावची पांढरी वाचली. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे खणलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्या कामातली मोठी नावं. वस्ती निघाली ती इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली: आधी माळवा संस्कृतीची, मग जोर्वे संस्कृतीची, आणि शेवटी उत्तर जोर्वे म्हणतात त्या ओढगस्तीच्या काळाची. जव पिकवणारे, मसूर-वाटाणा-हुलगा खाणारे, गुरं पाळणारे, बोरं गोळा करणारे, नदीचं पाणी पाटानं वळवणारे हे लोक. ज्वारी-बाजरी मूळची आफ्रिकेतली. आपण जिला पूर्वापार म्हणतो ती भाकरी या घरांतलं मुख्य अन्न नव्हती.

या घरांच्या जमिनीखाली माणसं होती. इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली आणि त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची. खड्डा घ्यायचा, दोन राखी रांजण आडवे ठेवून त्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची, आत मूल ठेवायचं. हे सगळं घरातल्या जमिनीखाली किंवा अंगणात. वर सारवण. त्याच जमिनीवर चूल, तिथेच झोपणं, तिथेच पुढचं बाळंतपण. दायमाबाद आणि नेवासा इथल्या जोर्वे काळातल्या वस्त्यांतही हीच रीत दिसते. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबं त्या काळी दुर्मीळ होतं, तरी ते मुलाबरोबर जमिनीत गेलं.

आपल्याकडे आजही दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. या दोन रिवाजांमध्ये सरळ धागा आहे असं ठासून सांगायला मी धजावणार नाही, मधे पंचवीसहून जास्त शतकं आहेत. पण यातून एक विलक्षण गोष्ट झाली आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात ज्यांची नावं कुठल्याच शिलालेखात नाहीत, नाण्यांवर नाहीत, कुळकथांत नाहीत, त्या वर्षा-दोन वर्षांच्या मुलांबद्दल आपल्याला जितकं ठाऊक आहे, तितकं सातवाहनांच्या एखाद्या अमात्याच्या शरीराबद्दल नाही. अमात्याला जाळलं. त्याचं नाव राहिलं, माणूस गेला.

इनामगावच्या हाडांवर काम केलं ते डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स यांनी. डेक्कन कॉलेजात ही परंपरा त्यांच्याही आधीची. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून घराघरात माहीत असलेल्या इरावती कर्वे मुळात मानवशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात सांकलियांबरोबर त्या गुजरातेत लांघणजच्या उत्खननात होत्या. वाळूच्या टेकाडात सापडलेले अश्मयुगीन सांगाडे बघायला मानवशास्त्रज्ञ जागेवर हवा, ही सांकलियांची समज त्या काळाच्या मानानं फार पुढची होती. हाडं पोत्यात भरून डॉक्टरकडे पाठवायची, असाच तेव्हाचा सर्वसाधारण रिवाज.

लुकाक्स मूळचे दातांचे अभ्यासक. दाताचं कवच थराथरानं चढतं. ते चढत असताना मूल तापानं फणफणलं, जुलाबांनी सुकलं किंवा उपाशी राहिलं, तर काम अडतं, आणि पुन्हा सुरू होताना आडवी रेघ किंवा खळगा ठेवून जातं. रेघ दाताच्या कुठल्या उंचीवर आहे यावरून आजारपणाचं वय काढता येतं. दुधाच्या सुळ्याचा पुढचा खड्डा हा त्यांचा आणि वाळिंब्यांचा खास विषय. हा सुळा आईच्या पोटात असताना घडायला लागतो आणि पहिल्या वर्षभरात त्याचं कवच पुरं होतं. म्हणजे त्या खड्ड्यात बाळाइतकीच बाळंतीण वाचता येते. इनामगावच्या एकाही आईचं नाव आपल्याला माहीत नाही, पण तिला गरोदरपणी पोटभर मिळत होतं का, हा प्रश्न तिच्या लेकराच्या सुळ्याला विचारता येतो.

मोठ्यांच्या दातांना वेगळं बोलतं करावं लागतं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांचे दात झिजतात, पण किडतात कमी. धान्य आलं की पिठाचा चिकटा दातांत बसतो आणि कीड वाढते. त्यात बायकांचे दात पुरुषांपेक्षा जास्त किडलेले, हे जगभरच्या शेतकरी वस्त्यांत दिसतं. लुकाक्स यांचं म्हणणं असं, की शेती स्थिरावल्यावर बाळंतपणं वाढली आणि गरोदरपणात लाळ आणि संप्रेरकं बदलतात त्याचा हा परिणाम. स्वयंपाक करता करता बायका चाखतात म्हणून त्यांचे दात किडतात, हे जुनं स्पष्टीकरण मला नेहमीच पुरुषी वाटत आलं आहे. दात पाण्याचीही साक्ष देतात. बलुचिस्तानातल्या मेहेरगढच्या, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या दातांवर फ्लोराईडचे पिवळे-तपकिरी डाग आहेत. पाणी कसं होतं हे सांगायला तिथली विहीर उरलेली नाही, दात उरले.

* * *

इथवर सगळं सुरळीत वाटतं. हाडांवर खुणा शोधा, मोजा, निकाल द्या. पण इनामगावची खरी गंमत पुढे आहे, कारण निकालावर एकमत नाही.

ढवळीकरांनी मांडलेली गोष्ट अशी. इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, गुरं कमी झाली, शेळ्यामेंढ्या आणि हरणांची शिकार वाढली. अर्ध-भटक्या जगण्याची तीन शतकं काढून इ. स. पू. ७०० च्या सुमारास लोक गाव सोडून गेले. मराठी वाचकाला ही गोष्ट पटकन पटते. छप्पन्नचा दुष्काळ, बहात्तरचा दुष्काळ, ओस पडलेली गावं, तांड्यानं निघालेली माणसं हे सगळं आपल्या ऐकण्यातलं आहे. पटते म्हणूनच जरा थांबून बघायला हवं.

अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी हीच मुलं पुन्हा टेबलावर घेतली. इनामगाव, नेवासा, दायमाबाद. त्यांनी लांब हाडांची लांबी, मांडीच्या हाडाची जाडी, त्याच्या कडेच्या घट्ट थराचं प्रमाण मोजलं आणि त्यावरून मूल त्याच्या वयाच्या मानानं किती भरलेलं होतं याचा अंदाज बांधला. आपल्या अंगणवाडीतली ताई दंडाला पट्टी गुंडाळते आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की तीव्र कुपोषण लिहिते. इथे दंड नाही, मांस नाही, म्हणून हाडाला विचारायचं. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांमध्ये त्यांना वाढ खुंटल्याच्या, अंग सुकल्याच्या खुणा दिसल्या. २०११ च्या त्यांच्या पुस्तकाचा रोख मात्र वेगळाच आहे. पाऊस गेला म्हणून माणसं संपली, हे एका ओळीचं उत्तर त्यांना मान्य नाही. पिकं कुठली निवडली, जमिनीचा वापर कसा झाला, बाळंतपणं किती आणि किती अंतरानं, या सगळ्यांचा गुंता त्या मांडतात. दुसरीकडे दातांचा अभ्यास असंही सुचवतो, की शेती सुटून शिकार आणि भटकंती वाढली म्हणजे प्रकृती ढासळलीच, हे समीकरण सरळ नाही. एक पीक बुडालं की सगळं बुडालं, अशी शेतकऱ्याची अवस्था. दहा गोष्टी गोळा करणाऱ्याची तशी नसते. कापूस आणि सोयाबीन या दोनच पत्त्यांवर डाव लावणाऱ्या आमच्या नांदुरा तालुक्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अडचण आणखी खोल आहे. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला आणि या शास्त्राची झोप उडवली. त्यांचा प्रश्न साधा होता. हाडावर खूण उमटायला आठवडे, महिने लागतात. पटकीनं माणूस दोन दिवसांत गेला तर हाड कोरंच. म्हणजे ज्याच्या हाडावर खुणा आहेत तो आजाराशी झुंजत काही काळ जगला, तो चिवट. ज्याचं हाड स्वच्छ आहे तो कदाचित पहिल्याच झटक्यात गेला. मग निरोगी कोण? आणि स्मशानातली मुलं बघून गावातल्या मुलांबद्दल बोलता येईल का? रांजणात सापडतात ती जगू न शकलेली मुलं. जी जगली, मोठी झाली, म्हातारी झाली, त्यांचं बालपण रांजणात नाही, त्यांच्या दाढांत आहे. म्हणून आता दोन्ही शेजारी ठेवून वाचतात, आणि निष्कर्ष पूर्वीपेक्षा दबक्या आवाजात सांगतात. मला हा दबका आवाज विश्वासार्ह वाटतो.

आणखी एक प्रश्न बरीच वर्षं अडून होता. लहान मुलाच्या सांगाड्यावरून मुलगा की मुलगी हे ओळखता येत नाही, कारण कंबरेच्या हाडातला फरक वयात येताना पडतो. घरात पुरलेल्यांत मुली किती? आजारी मुलीला मुलाइतकंच खायला मिळत होतं का? २०११ च्या जनगणनेत मुलींच्या घटत्या प्रमाणामुळे चर्चेत आलेल्या जिल्ह्यातला माणूस हा प्रश्न विचारणारच. गेल्या दहाएक वर्षांत एक पद्धत हाताशी आली आहे. दाताच्या कवचातलं एक प्रथिन मुलग्यांत आणि मुलींत किंचित वेगळं असतं. कवचावर आम्लाचा हलका हात फिरवून ते काढता येतं, आणि दात जवळजवळ शाबूत राहतो. इनामगाव, नेवासा, दायमाबादच्या दुधाच्या दातांवर हे सरसकट व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

* * *

मोठ्या माणसांची रीत निराळी. त्यांना उताणं, डोकं उत्तरेला करून पुरत. आणि बहुतेकांची पावलं घोट्यापाशी तोडलेली. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, घरच्यांच्या मागे येऊ नये म्हणून, असा त्याचा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला. उलट्या पावलांच्या भुतांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपल्याला तो चटकन पटतो. पण यात शास्त्राचं एक नुकसान झालं. उकिडवं बसणाऱ्या माणसाच्या घोट्याच्या सांध्यावर त्या बसण्याची खास खूण उमटते. चुलीपुढे, शेतात, ओसरीवर बसण्याची सवय त्यावरून कळते. इनामगावकरांनी नेमका तो सांधाच वेगळा केला!

कामाच्या खुणा हाडांवर कशा उमटतात याचं सर्वांत बोलकं उदाहरण सीरियातल्या अबू हुरेराचं आहे. थिया मॉलेसन यांना तिथल्या बायकांच्या पायाच्या अंगठ्यांचे सांधे, गुडघे आणि कंबर झिजलेली दिसली. कारण निघालं दळण. गुडघे टेकून, पायाची बोटं दुमडून, अंग पुढेमागे झोकत तासन्‌तास पाट्यासारख्या दगडावर धान्य भरडायचं. आपल्याकडचं फिरतं जातं पुष्कळ नंतरचं. जोर्वे काळातल्या घरांत असेच पाटे होते. दगडाची कच पिठात, पीठ तोंडात, आणि दाढा झिजून सपाट. पहाटेच्या ओव्या ज्या जात्यावर झाल्या, ते जातं येणं ही या गुडघ्यांसाठी केवढी सुटका असेल!

पावलं न तोडलेला एक माणूस इनामगावात आहे. गावाच्या मध्यावर, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात तो मांडी घालून बसवलेला होता. वय चाळिशीच्या आसपास. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. घरालगत धान्याचं कोठार होतं, म्हणून तो प्रमुख असावा, असा तर्क केला जातो. मला त्याच्याबद्दल फारसं कुतूहल नाही. प्रमुखांची हाडं सगळीकडे जपली जातात.

त्यापेक्षा बालाथलचा माणूस मला जवळचा वाटतो. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथे वि. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनं खणलं. वसंत शिंदे, रवींद्र मोहंती हे त्या गटातले. तिथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एका पुरुषाचा सांगाडा मिळाला, वय सदतिशीच्या आसपास. नाकाच्या कडा झिजून गोल झालेल्या, वरच्या जबड्याचं हाड खाल्लेलं, टाळूवर बारीक छिद्रं. २००९ मध्ये रॉबिन्स शुग, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी तो कुष्ठरोगाचा म्हणून प्रसिद्ध केला. हाडांवरच्या कुष्ठरोगाच्या जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक आहे.

त्याला पुरलं होतं ते दगडी तटाच्या आत, जाळलेल्या गोवऱ्यांच्या राखेच्या थरांत. कुष्ठरोग सावकाश चढतो, हाडापर्यंत पोचायला वर्षं लागतात. म्हणजे चेहरा बदलत गेला ती सगळी वर्षं हा माणूस कुणाच्या तरी हातचं खात होता. त्या राखेत त्याला मान होता की धास्ती, हे हाड सांगत नाही. विदर्भातल्या कुष्ठधामांनी या प्रश्नाला लांबलचक उत्तर दिलं आहे: वर्ध्याजवळ मनोहरजी दिवाणांचं दत्तपूर, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. रोग जुना आहे आणि रोग्याला गावाबाहेर काढणंही जुनं आहे, हे सांगाड्यावरून कळेल असं वाटलं होतं. निदान बालाथलला तरी तसं सरळ दिसत नाही.

* * *

हाडांतून डीएनए काढायचा म्हटलं तर आपला उन्हाळा आडवा येतो. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी ६१ नमुने तपासले, कामापुरता जनुकीय मजकूर निघाला तो एका बाईचा. २०१९ मध्ये तिच्यावरून वर्तमानपत्रांत जी धुमश्चक्री झाली, ती बघता एका हाडावर आपण किती ओझं टाकतो याचा अंदाज येतो. आर्य कुठून आले याचं उत्तर तिच्याकडून सगळ्यांना हवं होतं. ती काय खात होती, हे विचारणारे थोडे. वास्तविक ते विचारायची सोयही आहे. गहू, तांदूळ, जव, डाळी यांचा कार्बन एका वळणाचा, ज्वारी-बाजरी-मक्याचा दुसऱ्या. हाडातलं कोलॅजन टिकलं असेल तर माणूस पोळीवर वाढला की भाकरीवर, हे सांगता येतं. पण कोलॅजनलाही उष्णता सोसत नाही. त्यामुळे आपल्याकडे भिस्त दातांवरच.

मग आमच्या भागाचं काय? पूर्व विदर्भात शिळावर्तुळं आहेत, नागपूरच्या आसपास शेकड्यांनी. जुनापाणीची वर्तुळं एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक यांनी उकरली. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे शां. भा. देव आणि नंतरच्यांनी पद्धतशीर काम केलं. लोखंडाची हत्यारं भरपूर, आणि माहूरझरीला घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकारसुद्धा. माणसं मात्र तुटक. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्या भेगांतून वस्तू वरखाली होतात आणि हाड पिचून जातं. इनामगावच्या मुलांना रांजणांनी आणि पांढरीनं सांभाळलं. काळ्या रानात पुरलेल्यांना तसं कुणी नव्हतं.

आणि बुलढाणा जिल्ह्यात आहे भोन. संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी. डेक्कन कॉलेजचे भास्कर देवतारे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे खणलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुनं गाव समोर आलं. विटांचा स्तूप, आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी. खारपाणपट्ट्यातल्या माणसानं या विहिरींकडे बघावंच. खाऱ्या पाण्यावर तोडगा काढण्याची खटपट इथे किती जुनी आहे, हा विचार त्या बघताना सुचतोच. पण त्या विहिरींचं पाणी पिऊन लोकांच्या दातांवर, सांध्यांवर काय परिणाम झाला, हे विहीर कशी सांगणार? मृतांना अग्नी देणाऱ्या काळाचं हे नेहमीचं दुखणं आहे. भिंती मिळतात, नाणी मिळतात, माणसं मिळत नाहीत.

भोनवर दुसरं संकट आहे ते धरणाचं. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प होतो आहे आणि भोनची पांढरी त्याच्या बुडीत क्षेत्रात येते. खारपाणपट्ट्यातल्या माणसानं धरणाला विरोध करावा असं मी म्हणणार नाही. इथे गोड्या पाण्याची किंमत पुण्यातल्या विद्वानापेक्षा आम्हाला जास्त कळते. पण धरणाखाली फक्त भोन जात नाही. पूर्णाकाठची कितीतरी गावं उठत आहेत, त्यांच्या पांढऱ्या उकरल्या जात आहेत, पुनर्वसनाच्या जागी पाये खणले जात आहेत, कालव्यांची खोदकामं चालू आहेत. एवढी जमीन एकाच वेळी पुन्हा उघडी पडणार नाही. जेसीबीच्या मागे एखादा पुरातत्त्वाचा विद्यार्थी उभा करायला फार पैसा लागत नाही.

तोवर ज्याच्या वावरात, घराच्या पायात किंवा कालव्याच्या चरात असं काही निघेल त्यानं एवढं करावं. तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण दिसले तर ते उपसू नयेत, आतली माती झटकू नये. इवलेसे दुधाचे दात त्या मातीतच असतात आणि चाळणीशिवाय दिसत नाहीत. हाड किंवा दात पाण्यानं धुऊ नये, त्यावर चुना-हळद टाकू नये, उन्हात वाळत घालू नये. दातावरचं पिवळं कीटण खरवडू नये, खाल्लेल्या धान्याचे कण त्यातच अडकलेले असतात. वरून माती लोटून, पोतं झाकून, मोबाईलवर फोटो काढावा आणि तहसीलदाराला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावं. जमीन जाईल ही भीती खेड्यात असते आणि ती अगदीच निराधार नाही. पण चार दिवस तेवढा कोपरा सोडून नांगर फिरवला तर पीक बुडत नाही.